षटकोनी गोधडी हाताने शिवताना: आतली बॅटिंग जागेवर कशी ठेवली

गोधडी घालायची म्हणजे आधी जमीन मोकळी हवी. साड्यांचे थर अंथरायचे, सुरकुत्या काढायच्या, कच्चे टाके घालायचे आणि मग कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत सरकायचं. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत एवढी जागा मिळत नाही. मिळाली तरी रात्री अंथरुणं घालायच्या वेळी सगळं गुंडाळावं लागतं. भाचीच्या बाळासाठी गोधडी करायचं ठरलं तेव्हा मी म्हणून षटकोन निवडले. ‘क्विल्ट ॲज यू गो’ या पद्धतीत वरचं कापड, मधली बॅटिंग म्हणजे भरणाचा थर आणि खालचं अस्तर असा प्रत्येक तुकडा आधी पूर्ण शिवायचा आणि मग तयार तुकडे एकमेकांना जोडायचे. एक तुकडा, सुई, दोरा आणि अंगुस्तान एवढं पर्समध्ये मावतं. खिडकीची जागा मिळाली की ठाण्यापर्यंत एका तुकड्याची कड होते.

या कामात सगळ्यात जास्त विचार मी केला तो बॅटिंगचा. आपल्या गोधडीत दोरा या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो आणि थर एकमेकांना धरून राहतात. षटकोनात दोरा त्या तुकड्याच्या कडेलाच थांबतो. शेजारच्या तुकड्याचा त्याला काही आधार नसतो. प्रत्येक तुकड्याने आपली बॅटिंग आपणच सांभाळायची. बाळाची गोधडी तर सारखी धुतली जाणार.

त्यामुळे कापड कापण्याआधी मी वेगवेगळं भरण घालून नमुन्याचे षटकोन केले, उशीच्या अभ्र्यात बांधून मशीनमध्ये धुतले आणि वाळल्यावर उजेडासमोर धरून पाहिले. पिंजलेला सुटा कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला होता आणि बाकीचा तुकडा नुसता दोन कापडांचा उरला होता. पॉलिएस्टरची पातळ शीट जागेवर राहिली, पण गडद कापडातून तिचे पांढरे तंतू सुईच्या भोकांवाटे बाहेर आले. सुयांनी टोचून घट्ट केलेली सुती बॅटिंग किंचित आटली, पण हलली नाही. मी तीच घेतली. सुती बॅटिंग घेताना दोन शिलायांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल हे तिच्या वेष्टनावर पाहून घ्यावं. काहींना ८ इंच चालतात, तर काहींना ३-४ इंचांवर टाका लागतोच.

वरच्या कापडासाठी आईच्या जुन्या सुती साड्या होत्या. धुऊन धुऊन मऊ झालेल्या, आणखी आटण्याची भीती नसलेल्या. काठ मात्र घेतले नाहीत, तिथे सुई अडते. अस्तराचं कापड नवं होतं, ते आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतलं.

मापात मी कसूर होऊ दिली नाही, कारण बॅटिंग घट्ट बसणं न बसणं इथेच ठरतं. तयार षटकोनाची बाजू ३ इंच धरली. कंपासमध्ये ३ इंच घेऊन वर्तुळ काढायचं, तेवढ्याच अंतराने परिघावर सहा खुणा करायच्या आणि त्या जोडायच्या. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर ५.२ इंच येतं. ३६ बाय ४५ इंचांच्या गोधडीला असे सत्तरच्या आसपास षटकोन लागतात. बॅटिंग आणि वरचं कापड याच मापाचं. अस्तर मोठं, कारण ते दोनदा दुमडून वर येतं आणि अर्ध्या इंचाची चौकट होते. त्यासाठी प्रत्येक कडेला १ इंच जास्त कापड हवं. इथे एक मेख आहे: बाजूची लांबी ३ ऐवजी ४ इंच केली तर कडेला १ इंच मिळत नाही, ०.८७ इंचच मिळतो. मग दुमड ओढून ताणून बसवावी लागते आणि आतली बॅटिंग चुरगळते. मी अस्तराचा साचा सव्वाचार इंच बाजूचा केला, म्हणजे बॅटिंगच्या जाडीत जाणारं कापडही त्यात निघालं. साचे जुन्या एक्स-रे फिल्मचे कापले. त्यातून आरपार दिसतं, साडीवरचं फूल बरोबर मध्यावर घेता येतं.

शिवताना आधी तिन्ही थर एकावर एक ठेवून मध्यावर फुलीचे कच्चे टाके. टाचण्यांपेक्षा हे बरं, प्रवासात टोचत नाहीत. मग अस्तराची कड बॅटिंगच्या कडेला टेकेल अशी पहिली दुमड, तीच बॅटिंगला कवटाळून वर आणली की दुसरी. कोपऱ्यावर एक बाजू पुरती बसवायची आणि पुढची तिच्यावर चढवायची. चौकटीला हेमचा टाका घालताना मी सुई वरच्या कापडातून बॅटिंगमध्ये उतरवत होते आणि दर तीन-चार टाक्यांनी अस्तरापर्यंत नेत होते. टाका नुसता वरच्या कापडात राहिला तर चौकट सुबक दिसते, पण बॅटिंगची कड मोकळीच राहते.

कड झाल्यावर चौकटीच्या आत पाव इंचावर धावदोऱ्याची एक फेरी, मग मध्यावर छोट्या षटकोनाची दुसरी. इंचाला सहा-सात टाके. शेवटची गाठ कापडाजवळ मारून हलकेच ओढली की ‘टक्’ होऊन आत जाते आणि बॅटिंगमध्ये अडकून बसते.

कोल्हापूरहून आत्या आली होती. तिने आयुष्यभर वाकळा शिवल्या. तिने एक षटकोन उचलला, दोन तळव्यांमध्ये धरून कपडे चोळावेत तसा जोरात चोळला आणि मग चिमटीत धरून कडेकडेने चाचपला.

“अगं, कडेला धरलाय चांगला. पर मधी आणि एक फेरी घाल. पोरं पाय घासत्यात.”

तिचं म्हणणं खरं होतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये आणखी एक घातल्यावर सगळ्या तुकड्याला एक दाटपणा आला. पुढचा प्रत्येक तुकडा मी तसाच चोळून पाहूनच डब्यात टाकला.

जोडणीला वेळ लागतो, आणि तो द्यायला हवा. कागदावर बसवलेले साधे षटकोन दुमडून हवे तसे वळवता येतात, पण भरलेले तुकडे ताठ असतात. सरळ कड असेल तिथे तुकडे पालथे समोरासमोर धरून कडेचा नुसता काठ उचलत बारीक टाके घातले. तिसरा तुकडा खोबणीत बसवायचा तिथे टेबलावर सपाट ठेवून इकडून एक, तिकडून एक असा शिडीचा टाका घेतला. तीन कोपरे एकत्र येतात तिथे सुई तिन्हींमधून न्यायची, नाहीतर भोक राहतं आणि बाळाचं बोट नेमकं त्यातच जातं. दोरा हातशिलाईचा जाड सुती, मेणावरून ओढलेला. प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप घातली, म्हणजे एक टाका तुटला तरी पुढची ओळ उसवत नाही.

बाहेरची कड षटकोनांचीच ठेवली. प्रत्येक तुकड्याची कड आधीच बंद असल्यामुळे वेगळी पट्टी लावावी लागली नाही.

भाचीला एवढंच सांगितलंय की थंड पाण्यात, जाळीच्या पिशवीत घालून धू आणि ओली असताना दोरीला एका टोकाने लटकवू नकोस. भिजलेल्या कापसाचं सगळं वजन जोडांवर येतं. खाटेवर पसर. आणि एखादा षटकोन फाटलाच तर तेवढाच उसवून दुसरा बसवता येतो. त्याच साड्यांचे काही तयार करून तिच्याकडे दिलेत.