पदराची गाठ

सकाळपासून 'खूणगाठ' हा शब्द डोक्यातून जात नाहीये. पदराच्या टोकाला मारलेली गाठ. आठवण म्हणजे काय आणि ती कुठे दगा देते, हे समजावून सांगायला यापेक्षा चांगली वस्तू नाही.

गाठ हाताला लागते आणि लक्षात येतं, अरे, काहीतरी करायचं होतं! काय करायचं होतं ते मात्र गाठ सांगत नाही. आणि हात पदराकडे गेलाच नाही, तर तेवढंही कळत नाही. संध्याकाळी मेथीची जुडी आणायची असेल तर गाठीपेक्षा रिकामी पिशवी दाराच्या कडीला अडकवलेली बरी. बाहेर पडताना ती हाताच्या आड येते, आणि पिशवी म्हणजे भाजी हे वेगळं सांगावं लागत नाही. खूण वेळेवर समोर यावी, एकाच गोष्टीशी बांधलेली असावी, आणि आणखी दहा गोष्टींचा भार तिच्यावर नसावा. हा शेवटचा मुद्दा हमखास राहून जातो. फोनवर दिवसाला आठ गजर, आठही एकाच सुरात; चार दिवसांत अंगठा ते न वाचताच बंद करायला लागतो. गजर कमी ठेवावेत, प्रत्येकाचा सूर वेगळा असावा, आणि नाव 'आठवण' असं न देता 'वीजबिल भरणे' असं द्यावं.

एंडेल टुलविंग आणि झीना पर्लस्टोन या मानसशास्त्रज्ञांनी 1966 साली मुलांना शब्दांच्या याद्या दिल्या होत्या. शब्द गटागटाने मांडलेले, आणि प्रत्येक गटाचं नाव वर दिलेलं. नंतर काहींना कोरा कागद दिला, काहींना गटांची नावं लिहिलेला. नावं मिळालेल्यांना खूप जास्त शब्द आठवले. महत्त्वाचं पुढेच आहे: कोऱ्या कागदावर अडलेल्या मुलांना मागाहून ती नावं दिली, तेव्हा त्यांनाही आणखी शब्द सुचले. शब्द डोक्यात होतेच, त्यांच्यापर्यंत पोचायची वाट नव्हती. 'किती वेळा सांगितलं, तरी विसरलास!' असं मुलाला म्हणण्याआधी हे आठवावं असं मला मनापासून वाटतं. एक इशारा देऊन पाहावा. इशाऱ्याने उत्तर आलं, तर पुन्हा पाठ करून घ्यायची गरज नाही. वाट घट्ट करायची गरज आहे.

पाढ्यांमध्ये ही वाट उघड दिसते. 'बे साते?' विचारलं की लहान मूल 'बे एके बे'पासून सुरू करतं आणि चौदावर येऊन थांबतं. प्रत्येक ओळ ही पुढच्या ओळीची खूण आहे, मधूनच शिरायला दार नाही. यात मुलाचं काही चुकत नाही, पाठांतराची रीतच तशी आहे. तालात म्हणणं सोडू नये, पहिली पकड त्यानेच येते. पण पाढा एकदा बसला की रोज पाच मिनिटं उलटसुलट विचारावं: बे नव्वे? बे चोक? आणि मग उलट बाजूने: अठरा कोणाकोणाच्या पाढ्यात येतात? बेच्या, तीनच्या, सहाच्या, नऊच्या. एका आकड्याला चार वाटा मिळाल्या.

'तानापिहिनिपाजा' मला फार आवडतं. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. आपल्या लिपीत अक्षराबरोबर मात्राही येते, म्हणून 'ना' आणि 'नि', 'पि' आणि 'पा' यांची गल्लत होत नाही. नुसतं न आणि प असतं तर झाली असती. पण ही खूण फक्त क्रम सांगते. इंद्रधनुष्यात बाहेरच्या कडेला कोणता रंग, हे तिच्यात नाही. ते वेगळं बांधावं लागतं: 'ता' बाहेर, लाल कड वर. मग बाकीचे सहा आपोआप आतल्या बाजूला ओळीने बसतात.

लिपीवरून आठवलं. हाताने लिहिलेल्या किराणा यादीत पोहे आणि साखर यांच्यामध्ये 'रवा' असेल तर तो रवाच वाचला जातो. तोच आकार औषधाच्या चिठ्ठीवर 'जेवणानंतर' या शब्दापुढे आला तर डोळ्याला 'खा' दिसतो. शाई तीच, वळण तेच. आजूबाजूच्या शब्दांनी डोळ्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं.

प्रश्नसुद्धा असाच सांगून ठेवतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 साली लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या पन्नास जणांना विचारताना साधं 'धडकल्या' हे क्रियापद वापरलं. आठवड्यानंतर सगळ्यांना एकच प्रश्न: फुटलेली काच दिसली का? काच फिल्ममध्ये नव्हतीच. पहिल्या गटातले 16 जण हो म्हणाले, दुसऱ्यातले 7. वेगाचा प्रश्न न विचारलेल्या पन्नासांत 6. म्हणून मूल शाळेतून रडत आलं की 'कोणी मारलं?' असं विचारू नये. 'काय झालं?' आणि मग 'पुढे?' एवढंच. आपला शब्द त्याच्या आठवणीत मिसळला की नंतर वेगळा काढता येत नाही, त्यालाही नाही.

परीक्षेच्या दिवसांत पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांचा प्रयोग नेहमी सांगितला जातो. गॉडन आणि बॅडली, 1975, स्कॉटलंड: पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले. पण 1980 साली त्यांनीच शब्द नुसते ओळखायला लावले तेव्हा फरक पडला नाही, आणि अलीकडे प्रयोग पुन्हा केला तेव्हा मूळ परिणामही दिसला नाही. त्यामुळे 'परीक्षेच्या वर्गात जाऊन अभ्यास करा' या सल्ल्यावर मी भर देणार नाही. उलट एकच धडा दोन वेगळ्या जागी वाचावा, आज टेबलाशी, परवा गच्चीत. स्मिथ, ग्लेनबर्ग आणि ब्योर्क यांच्या 1978 च्या प्रयोगात दोन खोल्यांत पाठ करणाऱ्यांना एकाच खोलीतल्यांपेक्षा जास्त शब्द आठवले, तेही तिसऱ्याच खोलीत. पेपरात अडलंच तर अभ्यासाची खोली डोळ्यांसमोर आणावी: खिडकी कुठे, पुस्तक कुठे, पानाच्या कोणत्या बाजूला आकृती. अर्धा मिनिट. त्याचा खरंच उपयोग होतो.

वहीचं पान दुमडून डावीकडे चार बोटं जागा सोडावी. उजवीकडे टिपण, डावीकडे फक्त प्रश्न, परीक्षेत येतील त्याच भाषेत. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू झाकायची आणि मोठ्याने उत्तर द्यायचं. उघडून पाहायची घाई नको. दहा-पंधरा सेकंद चाचपडणं हाच व्यायाम आहे. ओळीखाली पिवळा रंग फासण्यात इथेच चूक होते. अर्धं पान पिवळं झालं की पिवळा रंग काहीच दाखवत नाही, आणि वाचताना उत्तर समोरच असल्यामुळे येतंय असा भास होतो.

सवयींचंही तेच. रोजची गोळी 'सकाळी' घ्यायची असं ठरवलं तर ती राहते, कारण सकाळ चार तासांची असते. 'दात घासून ब्रश ठेवला की गोळी' असं ठरवावं. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते, तिला चहाची जोड देऊ नये. ब्रशची जोड तिला नीट बसते. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात (2010) सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, कुणाला 18, तर कुणासाठी हिशेब 254 पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. बिघडतं ते लग्नाला गावी गेल्यावर, कारण तिथे ब्रश आहे पण बेसिनवरची गोळ्यांची डबी नाही. प्रवासाच्या आदल्या रात्री गोळ्यांची पट्टी ब्रशला रबर लावून बांधावी, पट्टी सोडवल्याशिवाय ब्रश हातात येणार नाही अशी.