डेपोची तारीख

माझा चुलतभाऊ खटल्यातून निर्दोष ठरला तेव्हा वाडीत बोलणं झालं, 'सुटला एकदाचा.' पण भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ खाली (आता भारतीय न्याय संहितेचं २२) मनोविकारामुळे निर्दोष ठरलेला माणूस कोर्टातून थेट एसटी स्टँडवर येत नाही. आमच्या खटल्याला जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती. तिच्या कलम ३३५ प्रमाणे कोर्ट अशा माणसाला सुरक्षित ताब्यात ठेवतं, किंवा अर्ज केलेल्या नातेवाइकाच्या वा मित्राच्या हवाली करतं. एकदा मनोरुग्णालयात पाठवलं की घरी आणायची वाट कलम ३३९ ची, म्हणजे राज्य शासनाकडे अर्ज. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हीच कलमं ३७४ आणि ३७८ आहेत. दोन्हीकडे हमी तीच द्यावी लागते: नीट सांभाळीन, स्वतःला वा दुसऱ्याला इजा करू देणार नाही, बोलवाल तेव्हा हजर करीन.

ती हमी कागदावर आणताना पहिला खोळंबा सातबाऱ्याने केला. कोकणातला सातबारा म्हणजे सामाईक नावांची जत्रा. बावीस खातेदार, त्यातले निम्मे मुंबईत, तिघे वारलेले आणि वारस नोंद नाही. अशा जमिनीवर जामीन राहता येत नाही. शेवटी माझ्या एकट्याच्या नावावरच्या घराचा ग्रामपंचायतीचा आठचा उतारा, घरपट्टीची पावती आणि बँकेतली मुदत ठेव यावर काम झालं. दुसरा खोळंबा नावाचा. निकालपत्रात एक नाव, आधारवर दुसरं, वडिलांचं नाव तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेलं. निकालाची नक्कल हातात पडली की त्याच दिवशी नाव ताडून बघावं. सहा महिन्यांनी दुरुस्तीला गेलात तर सगळी फाईल परत मागे येते.

डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांबरोबर बसून बोलायचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९८ ने दिलाय. तो सोडू नका. मी चार गोष्टी लिहून मागितल्या. गोळ्यांची नावं आणि डोस. शेवटचं डेपो इंजेक्शन (एकदा टोचलं की काही आठवडे अंगात हळूहळू उतरणारं) कधी दिलं आणि पुढचं कधी. आजार उलटताना याच्यात सगळ्यात आधी काय दिसतं. आणि आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या नावे पत्र. त्याच टेबलावर त्याच्याकडून साध्या कागदावर मला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या बाबतीत त्याच्या वतीने बोलणारा माणूस, करून घेतलं. कलम १४ ला एवढंच पुरतं, आणि पुढे त्या कागदाने फार कामं केली.

आता डेपो. त्याला फ्लुफेनाझिन डेकॅनोएट, २५ मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. एक मिलिलिटरचं अँप्युल (काचेची कुपी), औषध तिळाच्या तेलात. सिरिंज आणि सुई कोरडी ठणठणीत लागते, पाण्याचा अंश राहिला तर औषध गढूळ होतं. सुई २१ गेजची, नेहमीच्या बारीक सुईतून तेल ओढलं जात नाही. आरोग्य केंद्रातल्या नव्या सिस्टरना हे ठाऊक असेलच असं धरू नका. औषध कधी संपलेलं असतं, म्हणून दोन अँप्युल नेहमी घरी, कपाटात, उजेड लागणार नाही अशी.

तारीख चुकली तर लगेच काही होत नाही, आणि फसगत इथेच होते. तेलातलं औषध अंगात हळूहळू उतरत असतं. आठवडाभर माणूस ठीक, उलट जरा ताजातवानाच. घरचे म्हणतात, बघ, सुईशिवाय बरा आहे. मग झोप तुटायला लागते. आमच्याकडची पहिली खूण म्हणजे तो पहाटे तीनला उठून पडवीत बिडी ओढत बसतो. दुसरी, जेवताना ताटाचा वास घेऊन बघतो. ताटाचा वास घेतला की मी संध्याकाळची वाट बघत नाही, डॉक्टरांना फोन.

औषध तो मुद्दाम टाळत होता असंही नाही. 'दादा, हात वळत नाहीत रे, जाळं कसं ओढू?' औषधाने अंग आखडतं, हाताला कंप येतो. जो खलाशी दोर धरू शकत नाही त्याला बोटीवर कोण घेणार? डॉक्टरांना हे सांगितल्यावर ट्रायहेक्सिफेनिडिलची दोन मिलिग्रॅमची गोळी सकाळी सुरू झाली आणि पंधरवड्यात फरक पडला. अजून एक गोंधळ होतो. औषधानेच पायात वळवळ सुटते, माणूस अंगणात येरझाऱ्या घालत राहतो, आणि आजार उलटला असं समजून कोणी डोस वाढवायला सांगतं. आधी डॉक्टरांना दाखवावं.

घरात कुठे ठेवायचा हा प्रश्न औषधाइतकाच मोठा. पूर्वी त्याचा संशय कोणावर होता ते विचारा. आमच्याकडे शेजारच्या घराने करणी केली असं त्याच्या डोक्यात होतं. म्हणून त्याला जुन्या घरात ठेवलं नाही, खालच्या वाडीत माझ्याकडे ठेवला. ज्यांना त्याच्या हातून इजा झाली त्या घरी मी पोलीस पाटलांना घेऊन आधीच गेलो. तो येणार हे त्यांना दुसऱ्याकडून कळता कामा नये. आणि भगताकडे नेणं बंद. 'बाहेरचं आहे' असं एक वाक्य कोणी बोललं तर वर्षभराचं औषध पाण्यात. कोयती आणि बोटीवरचा सुरा कुलपात असतात, पण तेवढ्यावर मी विसंबत नाही. गावात कोयती कोणाच्याही पडवीत असते.

दारूचं वेगळं सांगायला नको. मात्र उपदेश करून भागत नाही. मजुरीचे पैसे आठवड्याला एकदम हातात न देता दोनदा द्यायचे, हे तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या म्होरक्याशी, ठरवलं.

लोक विचारतात, पुन्हा करेल का? १० देशांतल्या ३५ अभ्यासांचा, १२,०५६ रुग्णांचा एकत्र आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. फॉरेन्सिक, म्हणजे गुन्ह्याच्या प्रकरणातल्या रुग्णांना बंदोबस्तात ठेवणाऱ्या, मनोरुग्णालयातून घरी गेलेल्यांत दर एक लाख रुग्ण-वर्षांमागे पुन्हा गुन्ह्याचे प्रसंग ४,४८४, पुन्हा दाखल होण्याचे ७,२०८, आणि आत्महत्या ३२५. म्हणजे वर्षाला शंभरात साधारण साडेचार आणि सात. परत दाखल करणं ही हार मानू नका, तो वेळेवर घातलेला बांध आहे. त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ खाली प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. रात्री-अपरात्री हाताबाहेर गेलं तर ११२ ला फोन करून याच कायद्याच्या कलम १०० चं नाव घ्या. आजारामुळे धोका असलेल्या माणसाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं. नुसता सल्ला हवा असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

तारखा मी कालनिर्णयवर लाल पेनाने करतो. शिमग्यात पालखीबरोबर रात्री जागतात, म्हणून इंजेक्शन होळीच्या आधी उरकतो आणि पालखी आमच्या दारी येते तेवढीच त्याला दाखवतो. जून-जुलैत मासेमारीला बंदी, बोटी किनाऱ्याला, माणूस घरात रिकामा. तेव्हा जाळी विणायला बसवायचं. १ ऑगस्टला बोटी सुटल्या की आठ-दहा दिवसांच्या फेरीला जायचा त्याचा हट्ट असतो. जाऊ देतो, पण बोट सुटायच्या आदल्या दिवशी सुई टोचून, आणि तांडेलाच्या खिशात तारखेची चिठ्ठी.