तुम्ही विचारलंत म्हणून: रोज पाऊस कशाला मोजता?

निवृत्त झाल्यावरही मी पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला (हवामान खात्याचीही हीच वेळ) गच्चीवर जाऊन पाऊस का मोजते, असे साताऱ्यातले आमचे शेजारी आणि भाचरे नेहमी विचारतात. त्याचे कारण म्हणजे शाळेत आम्हाला भूगोल शिकवणाऱ्या बाई.

'पर्जन्यछायेचा प्रदेश' हे शब्द फळ्यावर लिहिण्याआधी बाईंनी शाळेच्या अंगणात डालड्याचा रिकामा डबा ठेवला. तळ आणि तोंड सारख्याच रुंदीचे असले, की साचलेल्या पाण्याची उंची म्हणजेच पडलेला पाऊस. बादली खाली निमुळती असते म्हणून ती चालत नाही, हे त्यांनी पट्टी बुडवून दाखवले. वर्गात एक मुलगी सह्याद्रीच्या कुशीतल्या मेढ्याची होती आणि वसतिगृहात राहणारा एक मुलगा पूर्वेकडच्या माण तालुक्यातल्या दहिवडीचा. दोघांना शेजारी उभे करून त्यांनी आपापल्या गावचा पावसाळा सांगायला लावला. मेढ्याची मुलगी इरली आणि भातलावणी यांबद्दल बराच वेळ बोलत राहिली, दहिवडीचा मुलगा एवढेच म्हणाला, "बाई, आमच्याकडं ढग नुसते दिसून जात्यात." समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि तिथेच बरसून रिते होतात, म्हणून एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्याच्या वाट्याला जेमतेम ५०० मिलिमीटर येतो, हे त्यानंतर कोणालाही पाठ करावे लागले नाही.

घर जवळच मंगळवार पेठेत असल्यामुळे डब्याची नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. एका रविवारी मी कंटाळा केला आणि सोमवारी अंदाजाने १४ मिलिमीटर लिहून टाकले. नेमके त्याच रविवारी काही कामासाठी शाळेत आलेल्या बाईंनी वाऱ्याने कलंडलेला डबा स्वतः उचलून ठेवला होता. "आडव्या डब्यात चौदा मिलिमीटर कसे गं मावले?" एवढेच त्यांनी विचारले. मी घाईघाईने शून्य लिहू लागले, तेव्हा मात्र त्यांनी माझा हात धरला. "शून्य म्हणजे मोजला आणि पडला नव्हता. तू मोजलाच नाहीस." त्यांच्या सांगण्यावरून मी आकडा न खोडता त्यावर एकच रेघ मारली आणि शेजारी 'मोजला नाही' असे लिहिले. ती वही शाळेतच राहिली, याची हळहळ मला अजून वाटते.

थकलेल्या बाईंना मी शेवटची भेटले, तेव्हा मी प्रकृतीची चौकशी करण्याआधीच त्यांनी विचारले, "काल किती झाला?" आदल्या दिवशी मी प्रवासात होते. "मोजला नाही, बाई," असे मी म्हणाले, तशा त्या उशीला टेकून कितीतरी वेळ हसत राहिल्या.