नेट आर्ट स्लो स्पीडवर बघणे, अपडेट

मंडळी, नेट आर्ट म्हणजे वेबपानांतूनच केलेली, ब्राउझरमधे बघायची कला; नव्वदीतली अशी कामं जुन्या मशीनवर, तेव्हाच्या स्लो स्पीडने बघायचा माझा खटाटोप चाललाय. त्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला तो अवजड डबा मॉनिटर शेवटी टेबलावर बसला (टेबल कुरकुरतंय, आई त्याहून जास्त), विंडोज ९८ चढवलं, नेटस्केप हा तेव्हाचा ब्राउझर पण चालला.

पहिलं लावलं रशियन नेट आर्टिस्ट ओलिया लियालिनाचं 'माय बॉयफ्रेंड केम बॅक फ्रॉम द वॉर', १९९६ चं. काळं पान, पांढरी अक्षरं, बारके ब्लॅक अँड व्हाइट जिफ (हलक्या चित्रफाइली). तो युद्धावरून परत आलाय आणि दोघांचं तुटक तुटक बोलणं चाललंय. क्लिक केलं की फ्रेमचे (म्हणजे पानातल्या स्वतंत्र चौकोनी कप्प्याचे) तुकडे होतात, परत क्लिक केलं की त्या तुकड्याचे अजून तुकडे, आणि शेवटी नुसते काळे चौकोन. फ्रेम्स नेटस्केप २ मधे नव्याने आल्या होत्या, बाकीचे लोक त्यात डावीकडे मेनू लावत बसले आणि या बाईने त्यात दोन माणसांमधला अबोला बसवला!

पण घरच्या फायबरवर हे सगळं क्लिक क्लिक क्लिक करत दोन मिनिटांत उरकतं. म्हणून मधे एक छोटा सर्व्हर टाकून स्पीड २८.८ के वर, म्हणजे तेव्हाच्या फोन मोडेमइतका पाडला, म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेतीन केबी, चौदा केबीचं चित्र यायला चार सेकंद. आता गोष्टीतल्या त्या मुलीच्या प्रश्नावर क्लिक केलं की उत्तर येईपर्यंत चौकोन रिकामाच राहतो, आणि तो गॅप मला तरी त्या संवादाचाच भाग वाटतो. आपण फॉन्ट आणि रंगांवरून इतके वाद घालतो, स्पीड मात्र कोणी जपत नाही.

जोडी डॉट ऑर्ग या नेट आर्ट करणाऱ्या दुकलीचं १९९५ चं पान पण बघितलं. समोर नुसता हिरवा लुकलुकणारा कचरा, पण व्ह्यू सोर्स केलं (पानामागचा कोड उघडला) की त्याच अक्षरांतून बॉम्बचा आराखडा दिसतो. त्याला स्पीडचं काही पडलेलं नाही, कुठेही चालतं.

तसं आपल्याकडे पब्लिकसाठी नेट आलंच १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएल या सरकारी कंपनीचं, आणि शेल अकाउंट हे स्वस्तातलं कनेक्शन घेणाऱ्यांना तर फक्त अक्षरं, चित्र नाहीच. त्यामुळे तेव्हा हे मुंबईत कोणी बघितलं असेल देव जाणे. मुंबईचं म्हणाल तर इथल्या कलाकार शिल्पा गुप्तांचं 'ब्लेस्ड बँडविड्थ', २००३, लंडनच्या टेट या कलासंग्रहालयासाठी केलेलं. त्यांनी नेटवर्कची केबल वेगवेगळ्या धर्मांच्या देवस्थानांत नेऊन तिच्यासाठी आशीर्वाद घेतले आणि मग नेटवरून आशीर्वाद वाटले. सायबर कॅफेत मॉनिटरला हार घालणाऱ्या शहरात हे काम सुचणारच.

माझं स्वतःचं पान अर्धवट आहे, दादरच्या पुलावरचं दोघांचं बोलणं, चार फ्रेम. तेव्हाच्या मराठी साइट्स आपापला फॉन्ट डाउनलोड करायला लावायच्या, मला तो ताप नकोय, म्हणून मजकूर दोन रंगी जिफमधेच टाकतेय. 'ळ' आणि 'क्ष' बारीक साइजला भरून जातात, त्यामुळे पिक्सेल हाताने खोडत बसलेय. कोणाकडे सोळा पिक्सेलची धड देवनागरी असेल तर पाठवा.