टोरंटोतलं झाड पार्ल्यात का येणार नाही

सुट्टीत पार्ल्याला आलोय आणि मोबाइलमधले घराचे फोटो दाखवले की जो तो विचारतो, ते पांढरं फुललेलं झाड कसलं रे, येताना रोप आणायचंस की! तर आत्या, काकू आणि बिल्डिंगमधली सगळी मंडळी, एकदाच लिहून टाकतो.

ती सर्व्हिसबेरी. टोरंटोत घरासमोर रस्त्याकडेला जो पट्टा पालिकेच्या मालकीचा असतो तिथे आपण मागितलं तर पालिका फुकट झाड लावून देते, आमच्या दारातलं असंच आलंय. वसंतात पानं धड फुटायच्या आत अख्खं झाड पांढरं होतं, ते थोडेच दिवस टिकतं, मग ऑक्टोबरात पानं केशरी-लाल. तिकडे लोक ते शोभेसाठीच लावतात. जूनच्या आसपास फळं लगडतात तरी लोक खालून आरामात कुत्री फिरवत निघून जातात, एक फळ तोडत नाहीत!! मी उभ्याउभ्या मूठभर खातो, तर शेजारच्या बाई काळजीने विचारायला आल्या, विषारी नाही ना.

फळ करवंदाहून लहान, आधी लाल मग जांभळं-काळं, आणि काळं होईपर्यंत थांबायचं, लाल असताना काही मजा नाही. चव ब्लूबेरीच्या जवळची पण बारीक बिया दाताखाली आल्या की बदामाचा स्वाद येतो. कूळ गुलाब-सफरचंदाचं. झाड एकटं असलं तरी फळ धरतं. याचाच भाऊबंद म्हणजे सास्काटून बेरी, प्रेअरीतले (म्हणजे तिकडच्या सपाट गवताळ मैदानांतले) मूळ रहिवासी ती सुकवून मांस-चरबीत मिसळून पेमिकन करायचे, महिनोन्‌महिने टिकणारं. आमच्याकडे जॅम होतो, तोही रॉबिन पक्ष्यांनी काही शिल्लक ठेवलं तर. जाळी टाकतात लोक, पण रस्त्याकडेच्या झाडावर कुठे टाकत बसणार.

आता मुंबईत का नाही? उकाडा हा एक भाग झाला, खरी अडचण म्हणजे याला थंडी लागतेच. पानं गळाली की कळ्या झोपतात आणि कित्येक आठवडे गारठ्यात काढल्याशिवाय नीट जाग्या होत नाहीत. उणे ३० सोसणारं झाड आहे हे, आपला जानेवारी त्याच्या खिजगणतीत नाही. आणि रोप बॅगेत टाकून आणता येत नाही बरं का, इम्पोर्ट परमिट, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोपाला कीड-रोग नाही असा सरकारी दाखला), सगळं लागतं.

त्यापेक्षा बकुळ लावा ना! बारा महिने हिरवी, दाट सावली, फुलं सुकली तरी वास जात नाही, आणि फळ खाता येतं हे निम्म्या पार्ल्याला माहीतच नसेल. चिकूच्या कुळातलं आहे, पिकलं की केशरी, पिठूळ, गोड-तुरट. मला आवडतं, ताईला अजिबात नाही. जागा मात्र गेटजवळ बघा, गाड्यांच्या डोक्यावर नको, नाहीतर फळं पडायला लागली की सेक्रेटरी आधी फांद्या तोडायला निघतील.