अर्धं जळलेलं तांबं

भुसावळला आमच्या गच्चीवरून दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात. कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाची वीज होते, बाकीची हवेत आणि पाण्यात जाते. पीएच.डी.ला विषय शोधत होते तेव्हा सरांनी हेच उदाहरण देऊन मला गळाला लावलं. विषय होता वाया जाणाऱ्या उष्णतेची थेट वीज करणारे पदार्थ. सीबेक नावाच्या माणसाने १८२१ साली पाहिलेली गोष्ट आहे ही: पदार्थाचं एक टोक गरम, दुसरं थंड ठेवलं की दोन टोकांमध्ये थोडासा व्होल्टेज तयार होतो. यंत्र फिरवायला नको, वाफ नको. प्रश्न एवढाच, की ज्या पदार्थांत हे चांगलं जमतं ते तापलेल्या हवेत टिकत नाहीत. बिस्मथ टेल्युराइड खोलीच्या तापमानाच्या आसपास सगळ्यांचा बाप आहे, पण भट्टीच्या तोंडाशी ठेवलं तर हवेतला ऑक्सिजन त्याला खाऊन टाकतो.

"म्हणून ऑक्साइड घ्यायचं," सर म्हणाले. "आधीच जळून बसलेली वस्तू. तिला आग काय करणार?"

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते प्रस्तावनेच्या पहिल्या पानावर टाकलं. पुढे ते खोडायला लागलं, ती गोष्ट सांगते.

पदार्थ ठरला कॉपर अॅल्युमिनेट. तांब्याचा एक अणू, अॅल्युमिनियमचा एक, ऑक्सिजनचे दोन. याच घडणीचं, पण अॅल्युमिनियमऐवजी लोखंड असलेलं खनिज निसर्गात सापडतं, त्याला डेलाफॉसाइट म्हणतात. कॉपर अॅल्युमिनेटचं नाव झालं १९९७ साली, जपानच्या कावाझोए, होसोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पारदर्शक आणि तरीही वीज वाहणारा पातळ थर करून दाखवला तेव्हा. मला पारदर्शकता नको होती. मला त्याची खापरासारखी भाजलेली वडी करून ती ७०० अंशांपर्यंत तापवायची होती आणि किती व्होल्टेज मिळतो ते बघायचं होतं.

मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते. त्यामुळे संशोधन म्हणजे दुपारचे तास संपल्यावर आणि रविवारी. प्रयोगशाळेत सोबतीला आप्पा, आमचे लॅब अटेंडंट. मूळचे अमळनेरकडचे, अहिराणीशिवाय बोलायचे नाहीत, आणि भट्टीबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायचं.

१० ग्रॅम माल करायचा तर ५.८४ ग्रॅम क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं अर्धवट जळलेलं ऑक्साइड, आणि ४.१६ ग्रॅम अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियमचं ऑक्साइड. एक विटकरी लाल, एक पांढरंशुभ्र. अगेटच्या खलात चार तास घोटायचं. पहिल्या तासाला हात भरून येतो, दुसऱ्याला मनगट जातं, तिसऱ्यानंतर काही वाटत नाही. आई कळण्याच्या भाकरीचं पीठ मळताना जे म्हणायची ते मला तिथे कळलं: हात थांबला की गोळा बिघडला. मग भुकटी धरून ठेवायला पीव्हीए या चिकट द्रावाचे दोन थेंब, १३ मिलिमीटरच्या साच्यात भरून प्रेस, आणि बाहेर येते गुलाबी वडी, जाड नाण्याएवढी.

पहिली फेरी अॅल्युमिनाच्या होडीत ठेवली आणि ११५० अंशांना चोवीस तास भाजली. वडी होडीला चिकटली ती चिकटलीच. साहजिक होतं, तांब्याचं ऑक्साइड वडीतलं अॅल्युमिना खातं तसं होडीतलंही खाणार. भांडंच पदार्थात सामील झालं होतं. आप्पांनी छिन्नीने काढून दिली, तीन तुकड्यांत. पुढच्या वेळेपासून वडीखाली त्याच भुकटीची गादी पसरायला लागले.

दुसऱ्या फेरीत मी फार काळजी घेतली. सिरॅमिकला तडे जाऊ नयेत म्हणून थंड होण्याचा वेग मिनिटाला एक अंश ठेवला. गरम पातेलं एकदम पाण्यात घालू नये, एवढी साधी अक्कल. वडी अखंड निघाली. तडा नाही, टवका नाही. फक्त रंग निळसर राखाडी येईल असं वाचलं होतं, तो आला काळपट तपकिरी. एक्सआरडीला, म्हणजे पदार्थ कोणता ते ओळखणाऱ्या क्ष-किरण तपासणीला, नंबर लागायला तीन आठवडे गेले. आलेख आला तेव्हा ३५.५ आणि ३८.७ अंशांना दोन नको असलेल्या शेंड्या उभ्या होत्या. क्युप्रिक ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं पूर्ण जळलेलं ऑक्साइड. आणि माझ्या पदार्थाच्या शेंडीच्या कुशीत, ३६.९ ला, आणखी एक: स्पिनेल, तांबं-अॅल्युमिनियमचंच वेगळ्या घडणीचं ऑक्साइड. मला वाटलं घोटायला कमी पडले. पुन्हा घोटलं, सहा तास. पुन्हा तेच. मिश्रण बदललं, क्युप्रस ऑक्साइडची नवी बाटली मागवली. पुन्हा तेच.

मार्चअखेरीस चौथी फेरी लावली. रात्री अकराच्या सुमाराला अवकाळी आली, विजा आणि वारं. आप्पांचा फोन आला.

"ताई, लाईट गई."

"किती होतं तापमान?"

"आकराशे पन्नासच व्हतं. आते भट्टी थंडी व्हई ऱ्हायनी."

त्या रात्री यावलकडून वडिलांचाही फोन आला, केळी आडवी झाली म्हणून. तोडणीला आलेला बाग होता. त्यापुढे माझ्या चार वड्यांचं कोणाला काय सांगणार? दोन दिवस घरीच होते. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेले तर आप्पांनी वड्या काढून कागदावर ठेवल्या होत्या. एकीला आडवा तडा. पण रंग! निळसर राखाडी, पावसाळी आभाळासारखा. खलात एक तुकडा फोडला, आतपर्यंत तोच रंग. एक्सआरडीत ३५.५ ला सपाट रेघ.

आता हे का झालं ते सांगते, कारण याच विषयावर काम करणारं कोणी वाचत असेल तर त्याचे पाच महिने वाचतील. कॉपर अॅल्युमिनेटमधलं तांबं हे अर्धं जळलेलं तांबं आहे. त्याने एकच इलेक्ट्रॉन दिलेला असतो, अजून एक द्यायला तयार असतो. हवेत साधारण १००० अंशांच्या वर त्याला हीच अर्धवट अवस्था मानवते. तापमान त्याखाली आलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन ते पूर्ण जळायला बघतं, आणि पदार्थ फुटून क्युप्रिक ऑक्साइड आणि स्पिनेल होतो. खूप खाली आलं की अणूंना हलायचंच त्राण राहत नाही, मग आहे तसं टिकतं. धोका मधल्या पट्ट्यात. मिनिटाला एक अंश या माझ्या मायाळू वेगाने वडी ११५० वरून ८०० वर यायला जवळजवळ सहा तास लागत होते, आणि त्यातला बराच वेळ ती नेमकी त्या पट्ट्यात शिजत होती. वीज गेल्यावर भट्टी आपल्या आपण भराभर उतरली, तांब्याला वेळच मिळाला नाही. पाचव्या फेरीपासून मी चोवीस तास झाले की स्वतःच मेन स्विच पाडायला लागले. आप्पा म्हणायचे, "ताईनी लोडशेडिंग."

थोडक्यात, सरांचं वाक्य खोडलं. आग याला बरंच काही करू शकते.

मोजमापाची सुरुवात गमतीची झाली. डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न वडीच्या एका टोकाला टेकवलं, मल्टिमीटरची लाल पिन गरम टोकाला, काळी थंड टोकाला. काटा नाही, आकडा: उणे १४ मिलिव्होल्ट. उणे म्हणजे वीज वाहणारे धन भार, ज्यांना होल म्हणतात, ते गरम टोकाकडून पळून थंड टोकाला गोळा झाले. जे हवं होतं तेच. पण सोल्डरिंग आयर्नवर प्रबंध लिहिता येत नाही. बाहेरच्या तयार यंत्रावर वेळ मिळायला सहा महिने, म्हणून उपकरण आम्हीच जुळवलं. क्वार्ट्झच्या नळीत वडी, एका बाजूला छोटा हीटर, दोन्ही टोकांना चांदीच्या पेस्टने चिकटवलेली के-टाइप थर्मोकपल, तापमान बघायच्या जोडतारा. चांदी ९६१ अंशांना वितळते आणि वडीचा धोक्याचा पट्टाही लांब ठेवायचा होता, म्हणून मर्यादा ७०० ची.

आणि मे महिना आला.

जळगावचा मे ज्यांनी भोगला नाही त्यांना काय सांगू. बाहेर ४५, भट्टी चालू असलेल्या खोलीत त्याहून जास्त. खिडकीत एक जुना कूलर. दुपारी मी पहिलं मोजमाप घेतलं आणि सीबेक गुणांक, म्हणजे टोकांतल्या दर अंश फरकामागे मिळणारा व्होल्टेज, आला अंशाला ५८० मायक्रोव्होल्ट. पुन्हा घेतलं, ५७०. मी सरांना फोन केला, नवऱ्याला फोन केला, मनातल्या मनात पेपरचं शीर्षकही लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या परीक्षेमुळे सकाळी सहालाच आले. तोच नमुना, तेच तापमान, पण गुणांक ३५०.

आठवडाभर हा खेळ चालला. सकाळी साडेतीनशे, दुपारी पावणेसहाशे. मला खरा आकडा दुपारचा वाटत होता, कारण तो मोठा होता. सकाळच्या वेळी वडीत ओल धरत असेल, अशीही थिअरी मी मांडली. ४०० अंशांना ओल! सर काही बोलले नाहीत, एका दुपारी फक्त येऊन बसले. घामाने हैराण झाले आणि कूलरचं तोंड स्वतःकडे वळवलं. मल्टिमीटरवरचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत हलला.

थर्मोकपल तापमान मोजत नाही, दोन टोकांतला फरक मोजतं. एक टोक वडीला, दुसरं टोक जिथे तार तांब्याच्या वायरीला जोडलीय त्या पट्टीवर. माझ्या दोन पट्ट्या टेबलाच्या दोन बाजूंना होत्या. गरम टोकाची भट्टीच्या अंगाला, थंड टोकाची कूलरच्या झोतात. दोघींत चार अंशांचा फरक. वडीच्या टोकांमध्ये खरे १० अंश असताना मला ते ६ दिसत होते, आणि ३५०० मायक्रोव्होल्टला १० ऐवजी ६ ने भागलं की माझं ५८० तयार. पहाटे कूलर बंद आणि भट्टी नुकतीच लावलेली, म्हणून दोन्ही पट्ट्या सारख्या. रेकॉर्ड कूलरचं होतं.

उपाय शंभर वर्षांपूर्वीचा. दोन्ही जोड एकाच थर्मासमध्ये, बर्फाच्या पाण्यात, शून्य अंशाला. शिवाय एकाच फरकावर विसंबायचं नाही. फरक ५ पासून १५ अंशांपर्यंत बदलत न्यायचा आणि व्होल्टेजच्या रेघेचा चढ काढायचा, म्हणजे कुठे कायमची चूक लपली असेल तर ती चढात येत नाही. बर्फ कॉलेजसमोरच्या रसवंतीतून. दुपारी दर दोन तासांनी आप्पा डबा घेऊन जायचे.

निकाल असा: ३०० ते ७०० अंशांत सीबेक साडेतीनशेच्या आसपास, जवळजवळ सपाट. रोध मात्र तापमानाबरोबर झपाट्याने उतरतो. म्हणजे होलांची संख्या फारशी वाढत नाही, त्यांना एका अणूवरून दुसऱ्यावर उडी मारणं सोपं होतं, असं मी मांडलं. पण वाहकता तरीही तुटपुंजी. त्यात माझ्या वड्यांची घनता ३.४, आदर्श ५.१, म्हणजे एक तृतीयांश नुसती भोकं. उष्णता-वाहकता बाहेरून मोजून आणली आणि सगळं सूत्रात घातलं. सीबेक गुणांकाचा वर्ग गुणिले वाहकता गुणिले तापमान, भागिले उष्णता-वाहकता. हा आकडा १ च्या घरात गेला की लोक पदार्थाकडे वळून बघतात. माझा आला दशांश चिन्हापुढे दोन शून्यं आणि मग ६. दीपनगरच्या धुराड्याला घाबरायचं कारण नाही. तोंडी परीक्षेत मात्र बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आकड्यावर दोन मिनिटं घालवली आणि वीज गेल्याच्या रात्रीवर वीस.

बिलांचं प्रकरण तेवढं राहिलं. रसवंतीवाला पावती देत नव्हता, शेवटी त्याने कॅलेंडरच्या मागे लिहून दिलं: बर्फ, रोजचा, ताईंच्या भट्टीसाठी, ६४० रुपये. कागद हिशोब विभागातून शेरा मारून परत आला: "भट्टीसाठी बर्फ कशास? खुलासा करावा." मी दोन पानी खुलासा लिहिला, आकृतीसह. तो अजून तिकडेच आहे.