पावती, प्रसाद आणि झोपमोड

श्रावण, सोमवार. सकाळपासून धो धो.

दादाने दुबईहून लघुरुद्राचे पैसे पाठवले. सोबत फर्मान: पावती माझ्या नावाने कर, प्रसाद आईला दे, फोटो टाक. देवळाच्या कचेरीत कारकुनाने नाव, गोत्र, नक्षत्र विचारलं. गोत्र पाठ होतं, नक्षत्रासाठी आईला फोन.

लघुरुद्र म्हणजे रुद्राची 121 आवर्तनं. अकरा भटजी बसले की प्रत्येकी अकरा. ते स्वरांसकट म्हणायला वर्षानुवर्षं घोकावं लागतं, ते दादाने करावं असं कोण म्हणेल? म्हणून ‘पैसे टाकून पुण्य घेतात’ ही टीका मला पटत नाही. मीमांसक, म्हणजे यज्ञविधींचा अर्थ लावणारे जुने शास्त्री, तर आडपडदा न ठेवता सांगतात, ऋत्विज म्हणजे विधी करणारा पुरोहित दक्षिणेने विकत घेतलेला आणि फळ यजमानाचं. मात्र आहुतीच्या वेळचा त्याग, ‘इदं न मम’ (हे माझं नाही), तेवढा त्यांनी यजमानाकडेच ठेवला. ज्याचं द्रव्य, सोडायचं त्यानेच.

शिवाय आमच्याकडे देव एकीकडे आणि कुळावी, म्हणजे त्याला कुलदैवत मानणारी घरं, दुसरीकडे, हे जुनंच. मंगेश देव 1560 मध्ये गोव्यातल्या कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळला आला. माणसं कारवार, मंगळूर, मुंबईला पांगली. पूजा दुसऱ्याने करायची, पैसे मनीऑर्डरने आणि प्रसाद पाकिटातून, याला इलाज काय होता?

शेजारच्या आंटी नवऱ्याच्या नावाने मीस, म्हणजे चर्चमधली पूजा, सांगायला देतात. त्यांच्या चर्चच्या कायद्यात पाद्रीने दिवसात कितीही मिसा सांगितल्या तरी दान एकाच मिसाचं ठेवायचं, नाताळचा दिवस सोडून. छान पाचर मारून ठेवलीय. आंटी म्हणतात, “मीस पाद्री सांगता, पूण थंय हांव आसूंक जाय मगो.” त्या पहिल्या बाकावर असतातच, गुडघे दुखत असले तरी.

मला खुपतंय ते वेगळंच. गावच्या देवळातल्या अखंड भजनात आमच्या घराची पाळी रात्री दोन ते चार. यंदा भाऊबंदांत ठरतंय की पैसे देऊन बाहेरचं मंडळ बसवूया. गातील ते आमच्यापेक्षा सरस, त्यात वादच नाही. पण गळा ही त्या पाळीची अट कधी होती? काका टाळ हातात धरूनच डुलक्या काढायचे, दचकून जागे व्हायचे, समईत तेल घालायचे आणि भलत्याच ओळीवर ‘विठ्ठल विठ्ठल’ उचलायचे. रुद्र येत नाही म्हणून भटजी बोलावणं समजतं. जागरण कोणाला येत नाही? ते विकत घेतलं की आपल्याकडे उरते फक्त पावती. मी बैठकीत हे बोललो, तर चुलतभाऊ म्हणाला, मग दोघांच्या वाटणीचा तूच बस. बसेन.

आईने लघुरुद्राला एक अट घातलीय: संकल्पाच्या वेळी दादाने आंघोळ करून व्हिडिओवर बसायचं. दादा म्हणाला, अकराला मीटिंग आहे. तिने भटजींना साडेसहाची वेळ विचारायला लावली. दुबईत तेव्हा पाच वाजतात, हे तिला पक्कं माहीत आहे.